बाई, वही राहू द्या, पासवर्ड बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही निवृत्त शिक्षिका. घरी जुना डेस्कटॉप आहे. त्यावर ई-मेल, पेन्शनच्या बँकेचं नेटबँकिंग, वीजबिल आणि अधूनमधून साड्यांची खरेदी चालते. सगळीकडे पासवर्ड एकच, मुलीचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल. तो एका वहीत लिहून ठेवलाय. पुण्याचा मुलगा ती वही बघून चिडला, "आई, आधी हे फाडून टाक" म्हणाला. शिवाय दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा असतो, असं कोणीतरी तुमच्या डोक्यात घातलंय. तर वही फाडायची का, आणि बदलायचं तर नेमकं काय?

मी मिरजेत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पैसे गेल्यावर, मेल बंद पडल्यावर माणसं आधी मुलाला फोन करतात आणि मग माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो: वही फाडू नका. मुलाचा राग चुकीच्या गोष्टीवर आहे.

तुमच्या वहीपर्यंत कोण पोचू शकतं? घरात येणारी माणसं. आणि तुमचा पासवर्ड चोरायला बसलेला माणूस कुठे आहे? हजारो किलोमीटर लांब, त्याला तुमचं नावही ठाऊक नाही. त्याला कपाटातली वही दिसत नाही. उलट वहीमुळे एक मोठा फायदा होतो: लक्षात ठेवायचं ओझं गेलं की माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवू शकतो. घरात मदतीला येणाऱ्यांची किंवा नातेवाइकांची शंका असेल तर वही दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र तिच्यात लिहू नका, ते चार-सहा आकडे डोक्यातच बरे. आणि वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार फोनमध्ये असे फोटो असतात. कॉन्टॅक्टमध्ये "एटीएम काका" नावाने पिन ठेवणारेही बरेच. ते चोरांना तुमच्याआधी सापडतं.

आता खरी चूक. ती म्हणजे सगळीकडे एकच पासवर्ड. घराच्या, तिजोरीच्या, शाळेच्या कपाटाच्या आणि सायकलच्या कुलपाला एकच किल्ली, आणि त्या किल्लीची एकेक प्रत तुम्ही पन्नास दुकानदारांकडे ठेवलीय. तुम्ही कितीही जपलंत तरी त्या पन्नासांतल्या एकाकडे चोरी झाली की संपलं.

अशा चोऱ्या होतात, आणि मोठ्यांकडे होतात. २००९ साली रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडे साठवले होते. सगळ्यात जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड होता एक ते सहा आकडे ओळीने. २०१२ मध्ये लिंक्डइन या नोकरीधंद्याच्या ओळखींसाठीच्या साइटकडून ६५ लाख गेले असं आधी वाटलं, २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. त्याच वर्षी खुद्द मार्क झुकरबर्गची ट्विटर आणि पिंटरेस्टची खाती काही जणांनी ताब्यात घेतली. लिंक्डइनच्या चोरीतून मिळालेला पासवर्ड त्याने तिथेही वापरला होता, असं त्यांचं म्हणणं. पासवर्ड होता "दादादा". फेसबुकच्या मालकाचा! तेव्हा तुम्ही लाजायचं कारण नाही.

चोर पुढे काय करतो तर ती ई-मेल आणि पासवर्डची जोडी एका प्रोग्रामला देतो. तो प्रोग्राम रात्रभर बसून जीमेल, खरेदीची दुकानं, बँका, सगळीकडे तीच जोडी लावून बघतो. त्यात डोकं लागत नाही. साड्यांच्या एखाद्या लहानशा साइटवरून गेलेली जोडी अशी तुमच्या मेलपर्यंत येते.

"पण कंपन्या पासवर्ड लपवून ठेवतात ना?" असं मुलगा म्हणेल. बरोबर आहे, आणि कसं ते समजून घेण्यासारखं आहे. चांगली साइट तुमचा पासवर्ड साठवत नाही, त्याचं दळण साठवते. गहू दळला की पिठावरून पुन्हा गहू करता येत नाही, तसं. तुम्ही पासवर्ड टाकला की ती तो पुन्हा दळते आणि आधीच्या पिठाशी ताडून बघते. जुळलं तर आत या. चोराच्या हाती पीठ लागलं तरी गहू मिळत नाही. मग तो करतो काय, की स्वतःची चक्की लावतो. अंदाजाने एकेक शब्द दळतो आणि पीठ जुळतंय का बघतो. म्हणून चांगल्या साइट प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट घालतात, म्हणजे एकाचा अंदाज सगळ्यांना लागू पडत नाही. या चिमटीला त्या धंद्यात खरोखरच मीठ म्हणतात. लिंक्डइनने २०१२ मध्ये मीठ घातलं नव्हतं.

चोराची चक्की किती वेगाने चालते? दळण साधं असेल तर खेळांसाठी विकलं जाणारं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजार कोटी अंदाज सहज तपासतं. आता आपल्याकडचे लाडके पासवर्ड घ्या. मोबाइल नंबर: दहा आकडी, पहिला आकडा सहा ते नऊ, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. अर्धा सेकंदसुद्धा नको. इंग्रजी लहान लिपीतली कुठलीही आठ अक्षरं: सुमारे २०,८८० कोटी शक्यता, एकवीस सेकंद. मुलीचं नाव आणि जन्मसाल? नावांची यादी काही हजारांची, सालं शंभर. मोजायचं कशाला. काही साइट मुद्दाम फार हळू दळतात, तिथे हा वेग कोसळतो, पण कोणती साइट कशी दळते हे बाहेरून दिसत नाही.

नाव आणि साल जोडायची सवय आपल्याला लागते कुठून, यावर माझा एक संशय आहे. ई-आधारची फाइल उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल लागतं. बँकांची स्टेटमेंट अशाच साच्यात येतात. तो साचा जगजाहीर आहे आणि फाइल चुकून दुसऱ्याच्या हाती गेली तर एवढाच त्याचा उपयोग. पण वर्षानुवर्षं हेच टाकून लोकांना वाटतं, पासवर्ड म्हणजे असाच असतो.

मग चांगला कसा करायचा? घरात मराठी शब्दकोश आहे ना, तुम्ही शिक्षिका आहात, असणारच. डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, शब्द लिहा. असं चार वेळा. समजा निघालं "पाटा, हुरूप, करवंद, तगादा". ते रोमन लिपीत सलग लिहा. कोशात वीस हजार शब्द असतील तर चार शब्दांच्या शक्यता होतात सोळावर सोळा शून्यं. वर सांगितलेल्या चक्कीला सगळ्या दळायला सहा महिने लागतील. पाचवा शब्द जोडला की दहा हजार वर्षं. एकच अट: शब्द बोटाने निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडले की देव, नातवंडं आणि गावाचं नाव येतं. आरतीची ओळ, अभंगाचा चरण, म्हण, यातलं काही घेऊ नका. जे लाखोंच्या ओठांवर आहे ते चोराच्या यादीतही असतं.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना एक गंमत आहे. "ळ" साठी साधा एल की मोठा एल, "करवंद" मध्ये डब्ल्यू की व्ही, हे प्रत्येकाचं वेगळं. चोराला ते जड जातं, पण दोन महिन्यांनी तुम्हालाही जड जातं. माझ्याकडे "पासवर्ड बरोबर आहे पण घेत नाही" म्हणून येणाऱ्यांत निम्मे जण हेच करून येतात. म्हणून वहीत देवनागरीत नको, जसं टाकता तसंच अक्षर न् अक्षर रोमनमध्ये लिहा.

असा दळदार पासवर्ड पाठ करायची गरज फक्त दोन ठिकाणी: कॉम्प्युटर सुरू करताना आणि मेलला. बाकी सगळीकडचे पासवर्ड ब्राउझरला, म्हणजे ज्यातून तुम्ही साइट उघडता त्या क्रोमसारख्या प्रोग्रामला, बनवू द्या आणि त्यालाच लक्षात ठेवू द्या. नवीन खातं उघडताना तो स्वतःच एक अगम्य पासवर्ड सुचवतो, तो घ्या. जाणकार म्हणतील की वेगळा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारा स्वतंत्र प्रोग्राम, घ्यावा. जरूर, मुलगा बसवून देणार असेल तर उत्तम. पण तुमच्या घरी तुमच्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरची सोय एका पासवर्डच्या दहापट बरी. तिचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. बँकेची हुबेहूब नक्कल केलेली साइट तुमच्या डोळ्यांना फसवेल, पण ब्राउझर पत्ता बघतो, रूप बघत नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हात थांबवा आणि वरचा पत्ता वाचा.

पत्ता वाचायचा तो उजवीकडून. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन रेघा सोडल्या, तर पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द म्हणजे मालक, त्याच्या डावीकडे कोणी काहीही लिहू शकतो. बँकांचं आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आपापल्या साइट "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. तुमच्या बँकेचा पत्ता तसा संपतोय का, ते बघा.

या सोयीची दुसरी बाजू मी दुकानदार म्हणून सांगायलाच हवी. विंडोजला पासवर्ड नसेल तर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड समोर बसलेल्या कोणालाही दोन क्लिकमध्ये दिसतात. आणि गिऱ्हाईक कॅबिनेट दुरुस्तीला आणतं तेव्हा त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते: "पासवर्ड अमुक". आम्ही बघत नाही. पण आम्ही बघत नाही यावर तुम्ही का विसंबावं? दुरुस्तीला देण्याआधी ब्राउझरमधून खातं साइन आउट करून साठवलेला डेटा काढून टाका, किंवा मुलाकडून काढून घ्या.

आणखी एक कबुली. दुकानाच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही सगळेच चोरीची विंडोज आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर घालून द्यायचो. गिऱ्हाईक मागायचं, आम्ही द्यायचो. आज देत नाही, त्याचं कारण फक्त कायदा नाही. अशा क्रॅकबरोबर येणारे काही प्रोग्राम एकच काम करतात: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू असलेली लॉगिनं उचलून पाठवून देतात. गेल्या वर्षी एकाच्या नातवाने फुकटचा गेम घातला आणि आठवड्याभरात आजोबांच्या मेलवरून नातेवाइकांना पैसे मागणारी पत्रं गेली. आजोबांचा पासवर्ड चांगला मजबूत होता. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू येणार असेल तर त्याला वेगळं खातं उघडून द्या, ॲडमिनचा अधिकार नसलेलं. तुमचा डेस्कटॉप जुना आहे म्हणालात, तर विंडोज १० असेल. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. मुलाला विंडोज ११ चालेल का ते बघायला सांगा. चालत नसेल तर निदान बँकेचं काम त्या मशीनवरून नको.

मेलला वेगळा पासवर्ड हवा असं वर म्हटलं, त्याचं कारण सांगायचं राहिलं. कुठल्याही साइटवर "पासवर्ड विसरलात?" दाबलं की नव्या पासवर्डची लिंक येते ती मेलवर. ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती उरलेलं बरंच काही. म्हणून सुरुवात तिथून. जीमेल असेल तर सुरक्षिततेच्या पानावर दोन टप्प्यांची तपासणी चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरही होकार द्यावा लागतो. तिथेच दहा बॅकअप कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे. ते वहीत उतरवून ठेवा, मोबाइल हरवला तर तेच कामी येतात. आणि मेलला जोडलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना, ते बघा. काही महिने रिचार्ज केलं नाही की नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागतात.

आजवर तुमचा मेल कुठल्या चोरीत सापडलाय का, हे बघण्यासाठी "हॅव आय बीन पोन्ड" ही साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केली, विश्वासाची आहे. तिथे फक्त ई-मेलचा पत्ता टाकायचा. यादीत नाव आलं तर घाबरू नका, माझंही आहे. त्या साइटचा पासवर्ड आणि तोच जिथे जिथे वापरला असेल तो बदलायचा.

दर तीन महिन्यांनी बदलण्याचा नियम विसरा. त्याचा उगम मजेशीर आहे. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाचे गृहस्थ होते. २००३ मध्ये त्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून मोठं अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल हा पाठ जगभर गेला. २०१७ मध्ये निवृत्तीनंतर त्यांनीच वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा मला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलला: चोरी झाल्याचं चिन्ह असेल तरच बदला. कारण सक्ती केली की माणूस "गणेश" पुढे एक, मग दोन, मग तीन लावतो. मी स्वतः एका बँकेच्या साइटवर सातव्या गणपतीपर्यंत पोचलो होतो. तुमची बँक सक्ती करत असेल तर बदलावाच लागेल, पण मग कोशातून नवे शब्द काढा.

इथपर्यंत चोराने पासवर्ड चोरण्याची गोष्ट झाली. माझ्याकडे रडत आलेल्यांत मात्र तसे थोडे. बहुतेकांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. त्यात शिकलेले, हिशेबात पक्के असे कितीतरी.

एक निवृत्त अधिकारी. गॅसच्या बुकिंगची तक्रार करायची म्हणून त्यांनी गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि वर आलेल्या पहिल्या नंबरला फोन लावला. तो चोराचा होता. गोड बोलून त्याने स्क्रीन दाखवणारं ॲप घालायला लावलं आणि "दहा रुपये भरून नोंदणी करा" म्हणाला. काका पिन टाकत होते, तो बघत होता. एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, मीही दुकानातून तेच वापरतो. प्रश्न फोन कोणी केला याचा आहे. तक्रारीचा नंबर बिलावरून, कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यायचा.

डेस्कटॉपवर तुम्हाला भेटेल ते वेगळंच. अचानक सगळा पडदा लाल-निळा होतो, भोंगा वाजतो, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, ताबडतोब या नंबरवर फोन करा". माऊस हलत नाहीसा वाटतो. ती फक्त एक वेबसाइट असते. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-४. तरी गेलं नाही तर कॉम्प्युटरचं बटण दाबून धरून बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझरने जुनी पानं उघडू का विचारलं तर नाही म्हणा. मायक्रोसॉफ्ट त्या पडद्यावर कधीही फोन नंबर देत नाही.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन किंवा किसान योजनेची यादी म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. उघडायचीच नाही, पाठवणारी सख्खी जाऊ असली तरी. तिचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आपल्याला पैसे यायचे असतील तर यूपीआय पिन लागत नाही. आणि "डिजिटल अटक" नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये ते सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे दिसले तर कॉल कापा आणि शेजारच्यांना हाक मारा. हे चोर माणसाला एकटं पाडतात, तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोलू नये एवढीच त्यांची धडपड असते.

चुकून झालंच तर लाजेपोटी दोन दिवस दडवू नका. १९३० ला फोन, बँकेला फोन, मग सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार, या क्रमाने, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात जाईपर्यंत गोठवता येतात, म्हणून घाई. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं होतं. त्यानुसार चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. कुठे, ते सांगायला नको.

सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, चिडचिड होईल. या रविवारी फक्त मेल: कोशातले शब्द, दोन टप्प्यांची तपासणी, दहा कोड. पुढच्या रविवारी बँक. साड्यांची साइट, वीजबिल वगैरे पुढे जसजसं तिथे जाल तसतसं.

आणि मुलाला वही दाखवा, कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगा. दोन वर्षांपूर्वी एक वहिनी नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. ते अचानक गेले. विम्याची कागदपत्रं, मुलांच्या लहानपणीचे फोटो, सगळं त्यांच्या मेलमध्ये, आणि पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. लॅपटॉप मी उघडून दिला. मेल नाही उघडता आला.